मास्तरांचा भाडेकरू

हे कुणी खरं मानणार नाही, आणि मानूही नये, पण आपल्या टेलरमास्तरांसारखा घरमालक उभ्या दुनियेत झाला नाही. स्वतः राहायचे भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि शहराच्या पार कडेला, सातव्या मजल्यावर, त्यांच्या मालकीचा फ्लॅट. त्यातला भाडेकरू तर असा की महिना उजाडला की न मागता भाडं हातात. गैरसोय एवढीच, की तो अस्तित्वात नव्हता.

झालं असं, की एक एजंट पँटची कंबर सैल करून घ्यायला दुकानात आला आणि जाताना मास्तरांच्या गळ्यात फ्लॅट मारून गेला. "काका, कर्ज बँकेचं, हप्ता भाडेकरूचा, घर तुमचं. तुम्ही फक्त निवांत झोपायचं!"

त्या दिवसापासून मास्तरांच्या डोळ्याला डोळा नाही. घर बघायला माणसं यायची, बंद लिफ्ट बघायची, मान वर करून सातवा मजला बघायची आणि मान खाली यायच्या आत परतीच्या वाटेला लागायची. पाणी टँकरचं, तेही त्याच्या मर्जीनं. झुरळंसुद्धा सामान बांधून शेजारच्या इमारतीत राहायला गेली होती.

एका संध्याकाळी मास्तर सात जिने चढून-उतरून घरी आले. बायको ब्लाउजला हुक लावत बसली होती. "लागला का भाडेकरू?" तिनं मान वर न करता विचारलं. मास्तरांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. 'नाही' म्हटलं की पुढं शंभर प्रश्न. ते म्हणाले, "लागला."

आता लागला म्हटल्यावर त्याचं भाडं यायला नको? मास्तरांनी शाळेच्या गणवेशांचं काम उचललं. घरी शिवावं तर बिंग फुटणार, म्हणून जुनं मशीन सातव्या मजल्यावर नेलं. दुकान बंद केलं की "जरा भाडेकरूकडे जाऊन येतो" म्हणायचं आणि रिकाम्या खोलीत हाफ पँटी शिवत बसायचं. पँटींचा ढीग एवढा वाढला की समोरच्या बिल्डिंगवाल्यांना वाटलं, आठवा मजला चढतोय.

एकदा खालच्या मजल्यावरचे आजोबा धापा टाकत वर आले. "काय हो ही खडखड! मालकाचा नंबर द्या तुमच्या!"

मास्तरांनी दिला. आजोबांनी तिथंच लावला. मास्तरांच्या खिशात फोन वाजला.

"एक मिनिट हं, माझा फोन आलाय," म्हणत मास्तर गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं आणि भाडेकरूला चांगला दम देतो असं आजोबांना वचन दिलं. परत आत आले, तर आजोबा खूश. "मालक सज्जन आहे हो तुमचा. सांभाळून राहा."

असं चाललं होतं. पाठीचा काटा ढिला झाला होता, डोळ्यांपुढे सुई दोन-दोन दिसत होती, पण चाललं होतं. मग एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "उद्या एजंटला बोलावलंय मी. माहेरच्या घराचा माझा वाटा पडूनच आहे बँकेत. शेजारचा फ्लॅट घेऊन टाकू. एक लागला तसा दुसराही लागेल."

मास्तरांचा घास तोंडातच राहिला. तो वाटा म्हणजे तिचं म्हणावं असं एवढंच काय ते होतं.

"घाई कशाला? थांबू की जरा."

"का? त्रास देतो का तो?"

इथं खरं सांगून टाकायचं, असं मास्तरांनी मनाशी घेतलं. पण अंगात त्राण असलं तर माणूस खरं बोलणार. जीभ आपली रोजच्या वाटेनं गेली. "छे गं! देवमाणूस आहे."

"पाणी येतं का नीट?"

"टँकर येतो. आला तर."

"मग काय म्हणतो?"

"काही नाही."

"आणि लिफ्ट?"

"बंद. उलट म्हणतो, व्यायाम होतो."

बायकोनं ताट बाजूला सारलं. "अहो, लग्न झाल्यापासून भाड्यानं राहतेय मी. मोरी तुंबली की मालकाचं डोकं खाते, नळ गळला की त्याच्या दारात जाऊन बसते. बिनपाण्याच्या सातव्या मजल्यावर राहून कुरकुर न करणारा भाडेकरू अजून कुणाच्या पोटी जन्मलेला नाही. खोटं बोलताय तुम्ही. तिथं कुणीही राहत नाही!"