बारा पिशव्या

बोट बुधवारी येते. अकराला येते, तीनला परत जाते, आणि वाऱ्याचं डोकं फिरलेलं असलं तर येतच नाही. लग्न होऊन या बेटावर आले त्याला एकतीस वर्षं झाली. त्यातली शेवटची चार निव्वळ पिशव्यांनी खाल्ली.

पिशव्यांचं आधी सांगते. इथे दुकान नाही. दर घराची एक कापडी पिशवी, तिच्यावर रंगाने काढलेला घराचा नंबर आणि आत सामानाची चिठ्ठी. या बुधवारी रिकामी पिशवी बोटीने पलीकडे जायची, पुढच्या बुधवारी भरून यायची. चार वर्षांपूर्वी बोटीच्या कंपनीने फर्मान काढलं, की बारापेक्षा कमी पिशव्या आल्या तर वस्ती संपली असं धरू आणि फेरी बंद करू. आणि तेव्हा बेटावर माणसं राहत होती फक्त पाच घरांत! मिस्त्री आणि त्याची बायको, दीपस्तंभाचा दिवा सांभाळणारा म्हातारा, जाळी शिवणारे दोघे भाऊ, माझी थोरली जाऊ आणि मी.

बाकीच्या एकोणीस घरांच्या चाव्या माझ्या स्वयंपाकघरात दारामागच्या फळीवर लटकलेल्या असतात. लोकांनी घरं घेतली ती गुंतवणूक म्हणून. वर्षातून आठ दिवस यायचं, "वा, काय शांतता आहे हो इथे" म्हणायचं आणि ती शांतता आमच्या गळ्यात टाकून निघून जायचं. मग त्यांच्या खिडक्या उघडायच्या कुणी? गाद्यांना ऊन कुणी दाखवायचं? नळातलं गंजाचं पाणी कुणी काढायचं? चावीवाली आहे की! मला आता सगळे तेच म्हणतात. माझं खरं नाव बहुतेक टपालावरच उरलं असेल.

तर मी चिठ्ठ्या लिहायला लागले. पाच घरांचं सामान बारा पिशव्यांत वाटून मागवायचं. मिस्त्रीची साखर दोन नंबरात, माझा चहा अकरात, भावांचे कांदे चौदात. नऊ नंबर डॉक्टरांचं, म्हणून ती चिठ्ठी डाव्या हाताने खरडायची. एकदा इतकी झकास खरडली की दुकानदाराने साखरेऐवजी सोडा धाडला आणि मिस्त्रीने आठवडाभर माझं डोकं खाल्लं. सात नंबरात जाऊबाईंची लोकर असायची. मग माझ्या मनात आलं, नुसती लोकर मागवणारी बाई कुठे असते का? म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या टाकल्या, मोठ्या अक्षरांचं मासिक टाकलं. एकदा तर खाली लिहिलं, "मागच्या वेळची निळी लोकर फार सुरेख होती, आभारी आहे." मलाच गंमत वाटायची. इथे दुसरी काय गंमत आहे!

जाऊबाईंचं आणि माझं घर एका भिंतीचं. आम्ही दोघी सख्ख्या भावांच्या बायका, दोघींचे नवरे गेले, आणि पागोळ्यांच्या पाण्याच्या टाकीवरून आमचं जे वाजलं त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं मंगळवारपुरतं. त्यांना लिहिता येत नाही. मंगळवारी दुपारी त्या माझ्या उंबऱ्यावर बसायच्या, आत यायच्या नाहीत, आणि फौजदारासारख्या सांगायच्या, "लिही. तेल अर्धा किलो. काड्यापेट्या दोन. आणि ते तुझं नखरेल मासिक माझ्या पिशवीत नको हं." लिहून झालं की उठून चालू लागायच्या.

मी थकले होते, आता खोटं कशाला बोलू. धक्क्यापासून घरापर्यंत सेहेचाळीस पायऱ्या आहेत आणि माझ्या गुडघ्यांना प्रत्येकीची वेगळी ओळख आहे. लेक पलीकडे असते. दर रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद, "आई, बस झालं. यांनी तुझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. ये आता." यायला मी एका पायावर तयार होते, पण जावयाच्या दारात हात हलवत जायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. घर विकलं गेलं तरच मी सुटणार. आणि दोन वर्षांत अकरा जण बघून गेले, सगळ्यांनी चहा प्यायला, एकानेही घेतलं नाही.

त्या बुधवारी बारावे आले. मऊ बोलणारे, टोपी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. नोकरी संपली होती, कायमचं राहायला येणार म्हणत होते. कायमचं! एकतीस वर्षांत हा शब्द मी कुठल्याच पाहुण्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मी रात्रीच माझी पेटी भरून दोरीने बांधून ठेवली होती. अपशकुन होईल म्हणून तिच्यावर चादर टाकली, एवढंच.

बायको माझ्याच वयाची. पायऱ्या चढताना तीनदा थांबली. हातात दम्याचा पंप होता, तो तिने एकदाही पर्समध्ये ठेवला नाही.

"बारा घरं नांदती आहेत म्हणजे वस्ती चांगली आहे," टोपीवाले म्हणाले. "मी बोटीच्या कचेरीत मुद्दाम चौकशी केली. ते म्हणाले, चार वर्षांत आकडा हललेला नाही."

"हलत नाही," मी म्हटलं. हे तरी खरं होतं.

त्यांनी घर पाहिलं. छप्पर ठोकून पाहिलं, टाकीत डोकावले, भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडे जाऊबाईंनी त्याच वेळेला पातेलं आपटलं. मी म्हटलं, शेजार जागता आहे. ते हसले. त्यांना घर आवडलंय हे मला कळलं. इतक्या जणांना घर दाखवल्यावर तेवढं कळतं.

त्यांची बायको मात्र खोल्या बघतच नव्हती. माझ्या खुर्चीत बसून श्वास जुळवत होती. मग एकदम लाजल्यासारखी म्हणाली, "ताई, रागवणार नसाल तर एक सांगू? बोटीत त्या भरलेल्या पिशव्यांशेजारी बसले होते. दुकानदाराने चिठ्ठ्या वरच टाचलेल्या. वाचू नयेत, पण वाचल्या."

माझी नजर दारामागच्या फळीकडे गेली.

"सात नंबरच्या ताई विणतात ना? मीसुद्धा विणते. पेपरमिंटशिवाय माझंही चालत नाही. आणि ते मासिक!" तिचा चेहरा उजळला होता. "मी यांना बोटीतच म्हटलं, मला मैत्रीण मिळाली बघा. यांना काय, हे दिवसभर गळ टाकून बसतील. मला दुपारी दम लागला आणि हाक मारली, तर ऐकायला कुणीतरी हवं. त्यांच्याकडे नेता का मला? पाच मिनिटं."

"त्या पलीकडे गेल्यात, लेकीकडे," हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एवढंच बोलायचं होतं. टोपीवाल्यांनी कागद टेबलावर काढून ठेवले होते, चादरीखाली माझी पेटी तयार होती, तीनची बोट धक्क्याला लागलेली होती. चार वर्षं मी कागदावर खोटं बोलत होते, तोंडाने एकदा बोलायला काय झालं होतं? पण तिच्या मुठीतला पंप दिसला आणि माझंच मन मला म्हणालं, अगं बये, हिला तू कुणाच्या भरवशावर इथे टाकून चाललीस?

मी उठले, फळीवरची सात नंबरची चावी काढली. ती चावीकडे बघत राहिली. शेजारणीकडे जाताना कुणी तिच्या घराची चावी घेऊन जात नाही.

सात नंबरचं दार जरा अडकतं, खांद्याने ढकलावं लागतं. आत सगळं सामान पांढऱ्या चादरींखाली. खिडकीच्या कठड्यावर एक मेलेली गांधीलमाशी होती, गेल्या खेपेला झाडायची राहिली होती. भिंतीवर चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. तिने एका खुर्चीवरची चादर हलकेच उचलली, खाली पाहिलं आणि परत टाकली.

"कुठे गेल्यात त्या?"

"त्या नाहीतच हो," मी म्हटलं. "ते मी लिहिते."

मग सगळं सांगितलं. पाच घरं, बारा पिशव्या, डावा हात, सगळं. सांगताना मला वाटलं ती चिडेल, फसवलं म्हणेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आणि निळी लोकर?"

"जाऊबाईंची. पण त्या तुमच्याशी गप्पा मारतील असं नाही. माझ्याशीच मारत नाहीत."

"गोळ्या?"

"त्या मी खाते."

ती त्या चादरीवरच टेकली. मला म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर तुमचं काम झालं असतं." मी कठड्यावरची गांधीलमाशी झाडून टाकली.

परत आलो. तिने नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं. मी आत कपबश्या विसळत बसले. म्हटलं, झालं, बारावेही गेले. पेटी सोडा, साड्या परत कपाटात लावा, आणि पुढच्या मंगळवारी उंबऱ्यावर तेल अर्धा किलो. इतका शीण आला की बशी हातातून सुटली आणि फुटली, ती उचलायलाही मी वाकले नाही.

टोपीवाले आत आले. तसेच मऊ, अजिबात न रागावलेले. "राहण्याचा विचार सोडला आम्ही," ते म्हणाले. "पण घर घेतो. इतकी शांत जागा कुठे मिळणार? पाच-सहा वर्षांत भाव येईल. गुंतवणूक म्हणून वाईट नाही." मग फळीकडे पाहून हसले, "एक खिळा आणखी मारा म्हणजे झालं."

मी सुटले होते. हेच तर हवं होतं मला. कागद ओढून सही केली. त्यांची बायको खिडकीतून समुद्राकडे बघत होती, तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

खिळा मीच मारला. चावी लटकवली. मग सगळी फळी काढून मिस्त्रीकडे पोचवली. ठरलेलंच होतं तसं, चाव्या आणि चिठ्ठ्या आता त्याच्याकडे. त्याचं अक्षर एकच आणि तेही मुंग्या चालल्यासारखं, पण दुसरं आहे कोण?

अडीच वाजता या आठवड्याच्या पिशव्या घेऊन खाली निघाले, तर जाऊबाई उंबऱ्यावर बसलेल्या. मंगळवार नव्हता. त्यांच्या मांडीवर माझी पिशवी, तेवीस नंबरची. रिकामी. माझी चिठ्ठी मी यावेळी लिहिलीच नव्हती. विसरले म्हणा, नाहीतर लिहवेना म्हणा.

"चाललीस?"

"हो."

"मग अकराच पिशव्या होतात."

मी मनात मोजलं. आठ खोटी घरं, चार खरी. माझं घर आता खोट्यांत.

"बस," त्या म्हणाल्या. "लिही. तुझ्या घरात काय काय लागतं ते मिस्त्रीला काय ठाऊक? हा कागद दरवेळी पुढे ठेवून उतरवेल तो."

मी पायरीवर बसले, कागद गुडघ्यावर घेतला. सात घरांच्या आवडीनिवडी मी डोळे मिटून लिहायची. तेवीस नंबरच्या बाईला काय आवडतं, ते काही केल्या सुचेना. पेन्सिल तशीच धरून बसले.

जाऊबाई चिडल्या. "अगं लिही ना! चहा तो लाल पुड्यातला, हिरव्यातला नाही, त्याने तुला पित्त होतं. लिंबं चार. जेवताना लिंबू नसलं की पानावरून उठतेस तू, भिंतीतून ऐकू येतं मला. गुडघ्याचं तेल, छोटी बाटली. मोठी सांडतेस. वाती जाड, रात्री वाचत बसतेस वीज गेली तरी. आणि पेपरमिंट. ते सातात नको आता, तुझ्यातच लिही."

मी लिहीत होते. कागदावर पाणी पडलं तेव्हा त्यांनी पदराने टिपलं, माझे डोळे नाही, कागद. "पुसट करशील," म्हणाल्या. "दुकानदाराला वाचता आलं पाहिजे."

"जाऊबाई, तुम्हीपण चला ना माझ्यासोबत."

"आणि मग पिशव्या किती होतील, मोज जरा." त्या भिंतीला धरून उठल्या. "जा. बोट थांबायची नाही तुझ्यासाठी."

धक्क्यावर बोटवाल्याने पिशव्या मोजून आत टाकल्या. बारा. वहीत खूण केली. टोपीवाले आणि त्यांची बायको पुढच्या बाकावर बसले, मी मागे, पायाशी पेटी आणि पेटीला टेकून तेवीस नंबर. बोटवाल्याने पेटी पाहिली, पिशवी पाहिली, मला पाहिलं. वहीतली खूण खोडायला पेन्सिल कानावरून काढली.

"चावीवाल्या मावशी, तुमची पिशवी चाललीय आणि तुम्हीही चाललात? मग पुढच्या बुधवारी भरलेली घेणार कोण? घर बंद केलं की काय?"

वर पाहिलं. सेहेचाळीसाव्या पायरीवर जाऊबाई उभ्या होत्या. हात हलवत नव्हत्या, नुसत्या उभ्या. चार वर्षं सात घरांच्या वतीने खोटं लिहिलं, कधी हात अडखळला नाही. आता माझ्या एका घराच्या वतीने बोलायचं होतं, तर मी पेटीची दोरी उगाचच आवळत बसले.

"बंद कशाला करू?" मी म्हटलं. "लेकीला भेटून येते. बुधवारी परत आहेच मी."

"मग दोन्हीकडचं तिकीट फाडू?"

"फाडा," मी म्हटलं, आणि येण्याचेसुद्धा पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.