बारावी फिल्म

अकरा पाकिटं होती आणि अकरा फिल्म. प्रत्येक फिल्मवर एक डावा हात: मनगटाची आठ हाडं, तळहाताची पाच, बोटांची चौदा आणि खाली कोपराकडून आलेल्या दोन हाडांची टोकं. एकूण एकोणतीस. माधुरीनं एकेक फिल्म प्रकाशपेटीवर लावून मोजली आणि पुन्हा मोजली. अकराही हातांत करंगळीमागचं हाड कधीतरी मोडून जरासं वाकडं जुळलेलं होतं.

एकाचं मोडलं असेल. दोघांचं असेल, फुटबॉल खेळणारी पोरं. पण अकरा जणांचं, एकाच जागी, एकाच कोनात?

तिनं दोन फिल्म एकावर एक धरल्या. हाडं तीच. बोटं मात्र थोडी वेगळी पसरलेली. म्हणजे एका फिल्मच्या प्रती काढलेल्या नव्हत्या. कुणाचा तरी एकच हात अकरा वेळा यंत्राखाली ठेवला होता. वाढ संपली की मिटणारी मनगटाच्या हाडातली रेषा अजून उघडी होती, चांगली दीड मिलिमीटर. चौदा-पंधरा वर्षांचं पोर असणार.

सातव्या पाकिटावर नाव होतं राजू नाथू ढेबे, वय पंधरा. तिचा सख्खा भाऊ. राजूचं हाड कधी मोडलं नव्हतं, आणि तो एकोणीस वर्षांचा होता.

महाडच्या या एक्स-रे केंद्रात डॉक्टर पनवेलहून फक्त गुरुवारी यायचे. तोवर हाडांवरून वय मोजून अहवाल लिहून ठेवायचं काम माधुरीचं. ही अकरा पाकिटं फुटबॉलच्या निवड समितीनं दुसरीकडं काढलेल्या फिल्म घालून पाठवली होती. आज बुधवार होता.

बिरवाडीजवळच्या एका कारखान्याचा फुटबॉल संघ गेल्या वर्षी कारखान्यासकट एका परदेशी मालकानं विकत घेतला होता. त्याच्या स्वतःच्या देशात त्याला क्लब घ्यायला बंदी आहे, असं एका पेपरात आलं. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात संघाची पानभर जाहिरात आली. एक मंत्री राज्याच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले, आणि परदेशी खेळायला कुठली पोरं पाठवायची हे मुंबईहून फोनवर ठरू लागलं. पहिल्या तुकडीत पोलादपूरचा मोरू परदेशी गेला. आठ महिन्यांत त्याचा एकच फोन आला. शेजारी कुणी उभं असल्यासारखा तो बोलत होता, असं त्याची आई सांगायची.

राजूच्या पाकिटात फिल्मबरोबर सरकारी पत्र होतं. मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असल्यामुळे तीन वर्षांसाठी क्लबचे मालक हेच त्याचे पालक. पासपोर्ट पालकांच्या ताब्यात राहील. माधुरीनं ते दोनदा वाचलं. पंधरा वर्षं हे वय कशासाठी हवं होतं, ते आता तिला कळलं. एकोणीस वर्षांचा माणूस नको म्हणू शकतो.

अकराच्या सुमाराला निवड समितीचे सकपाळसाहेब आले. चहा नको म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

"झालं का माधुरीताई? चार ओळी तर लिहायच्यात."

"साहेब, हा एकच हात आहे."

सकपाळ हसले. "तुमची नजर फार बारीक. घरच्या माणसाचं भलं तेवढं दिसत नाही."

"हात कुणाचा आहे?"

"फिल्मवर नाव आहे ना? तेवढं वाचा." ते उठले. दाराजवळ थांबून त्यांनी भिंतीवरच्या परवान्याकडे पाहिलं. "मार्चला संपतोय वाटतं. नूतनीकरण मंत्रालयातूनच होतं, नाही का? उद्या डॉक्टर सही करतील तेव्हा मी इथंच असेन."

दुपारी राजू आला, नव्या बुटांत. मागून दोघांचा बाप नाथू, खांद्यावर घोंगडी, कुडपणहून पहिल्या एस.टी.नं उतरलेला. बाजारात दोन बोकड विकून आला होता.

"ताय, सही झाली का?" राजूनं आल्याआल्या विचारलं. "सोमवारी मुंबई, बुधवारी विमान. मंग बस तू तुजी हाडं मोजत."

माधुरीनं पत्र वाचून दाखवलं, फिल्म दाखवल्या. राजूनं त्या नीट पाहिल्यासुद्धा नाहीत.

"कागद हाय तो. कागदावर काय बी लिवतात. सायबांनीच सांगितलं, अकराच्या अकरा पंधराचं."

"आणि मोरू?"

"मोरू रडकाच होता पयल्यापासून."

नाथूनं घोंगडी खाली ठेवली. तो म्हणाला, "त्यांनी दात बघितलं का गो?"

"दात कोण बघतं आबा! मी काय बोकड हाय?"

"बाजारात दात घासून जून बोकड खपवतात. घेणारा फसतो, म्हणून घेणारा दात बघतो. हितं घेणाराच दात घासतोय." त्यानं राजूची हनुवटी धरली, अंगठ्यानं गाल मागं सारला. "ह्या बघ, मागच्या दाढा. जुळलास तू, पुरा वाढलास. तुज्या जन्माच्या साली जलमलेल्या म्हशीला पाच वेतं झाली." मग हात सोडून सावकाश म्हणाला, "आपुन जितराब इकतो तवा दावं घेणाऱ्याच्या हातात देतो. पोराचं नाय देत."

"आबा, मी सोत्ता जातोय!"

"मंग सोत्ताच्या वयानं जा."

राजूचे डोळे भरले. त्यानं बुटाच्या टाचेनं फरशीवर एक लाथ मारली. "त्या वयानं घेत नायत रे मला! ताय, तू माजं वाटोळं करतीस. नोकरी बी जाईल तुजी."

"जाईल," माधुरी म्हणाली. "हात ठेव."

तो हलला नाही. बाहेर एक जीप येऊन थांबली. इंजिन चालूच राहिलं, कुणी उतरलं नाही. राजूनं खिडकीतून पाहिलं. आत सकपाळसाहेब होते, आणि मागच्या सीटवर, चौकटीला डोकं टेकून, त्याला अनोळखी असलेला एक बारका पोरगा. त्यानं डावा हात उघड्या खिडकीवर उपडा ठेवला होता. करंगळीमागचा उंचवटा गेलेला, तिथं खोलगट होतं.

राजूनं बराच वेळ पाहिलं. मग टेबलाशी येऊन त्यानं डावा हात फिल्मच्या कॅसेटवर ठेवला.

"बोटं पसर," माधुरी म्हणाली. "श्वास घेतलास तरी चालेल. फक्त हलू नकोस."

फिल्म धुऊन वाळेपर्यंत जीप तिथंच होती. माधुरीनं ओळीखाली ओळ लिहिली.

फिल्म १ ते ११: एकाच व्यक्तीचा डावा हात. तळहाताच्या पाचव्या, करंगळीमागच्या हाडाचा जुना, जुळलेला अस्थिभंग. मनगटाची वाढ-रेषा उघडी, १.५ मिलिमीटर.

फिल्म १२: राजू नाथू ढेबे, डावा हात. अस्थिभंग नाही. मनगटाच्या दोन्ही वाढ-रेषा बंद, ० मिलिमीटर. वय अठरा पूर्ण.