कपाटामागून आलेला प्रश्न

शिष्यवृत्ती समितीच्या सचिवबाईंचं पत्र येऊन महिना होत आला होता, आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र सभ्य होतं. आमच्या वाचनालयात मुलाखतीची तयारी केलेल्या एका मुलीची निवड त्यांनी रोखून धरली होती. समितीतल्या एका गृहस्थांनी तिला ऐन वेळी सुचलेला प्रश्न विचारला, तर ती म्हणाली, "हा मला कपाटआजोबांनी विचारलाय, याच शब्दांत." मुलाखत तिथेच थांबवली गेली. मी तो प्रश्न खरोखर विचारला होता का, आणि मला तो कुठून कळला, एवढंच बाईंना हवं होतं. महिनाअखेरपर्यंत खुलासा आला नाही, तर शिष्यवृत्ती पुढच्या उमेदवाराला जाणार होती.

प्रश्न असा: "ही शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर घरी कोणाच्या तोंडाकडे बघायचं टाळाल?"

असं काही मी कुणाला विचारेन, हे माझं मलाच पटत नाही. तेवढं धाडस माझ्यात कधीच नव्हतं.

कपाटआजोबा म्हणजे मी, निवृत्त ग्रंथपाल. शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत येतात. निबंधात स्वतःची दया येईल असं लिहू नका, एकच खरी गोष्ट लिहा. शिफारसपत्र ओळखीच्या मोठ्या माणसाकडून नको, तुम्हाला काम करताना पाहिलेल्या माणसाकडून घ्या. उत्तर येत नसेल तर तसं सांगा. इतकंच मी सांगतो. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणं मला जमत नाही. म्हणून मूल टेबलापाशी एका रिकाम्या खुर्चीसमोर बसतं, आणि मी पुस्तकांच्या उंच कपाटामागे वेताच्या स्टुलावर बसून प्रश्न विचारतो. हसू येण्यासारखंच आहे, पण मुलं निवडली जातात खरी.

महिना संपायला आठवडा राहिला तेव्हा ती मुलगी स्वतःच आली. वाचनालय झाडणाऱ्या मावशी तिला वकीलसाहेब म्हणतात, कारण ती सरळ उत्तरालाही उलट प्रश्न लावते.

"आजोबा, लिहिलंत का हो त्यांना?"

"काय लिहू? तो प्रश्न मी विचारलेला नाही."

"विचारलात. पाऊण तास बसला होतात. आधी खोकलात, मग विचारलंत."

"कोणत्या दिवशी?"

तिने सांगितलेल्या दिवशी मी डोळ्यावर पट्टी बांधून दवाखान्यात पडलो होतो. मी तसं म्हणालो.  दारात केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या मावशी मध्येच बोलल्या.

"काहीतरीच काय, साहेब! मी बाहेरून विचारलं, चहा ठेवू का? तर तुम्ही आतून नको म्हणालात. मनात म्हटलं, आज स्वारीचा आवाज कसा खणखणीत लागलाय!"

मी अर्धवट उठलो होतो, तो परत बसलो. गुंगीच्या औषधात मी इथे चालत आलो असेन का? स्वतःबद्दल काहीही खरं मानायची माझी तयारी असते.

"तुम्ही बसून बघा ना," मुलगी हळूच म्हणाली. "माझ्या जागेवर. आम्ही बाहेर थांबतो."

"हो हो, बसा," मावशी म्हणाल्या. "आणि नापास झालात तर रडू नका."

दार लागलं. मी टेबलापाशी बसलो. इतकी वर्षं मुलांना इथे बसवत आलो, पण इथून कपाट कसं दिसतं ते ठाऊक नव्हतं. ते जरा पुढे झुकलेलं दिसतं. त्याच्या पायांमध्ये चार बोटं फट आहे, आणि पलीकडच्या खिडकीचा उजेड तिच्यातून फरशीवर येतो.

बराच वेळ काही झालं नाही. मग वेत करकरला. कुणी जड माणूस सावकाश टेकावा, तसा. फटीतला उजेड शेजारीशेजारी दोन जागी अडला, दोन पावलं टेकावीत तसा. मी माझ्या पायांकडे पाहिलं. ते टेबलाखाली होते.

पलीकडे कुणीतरी खोकलं. तो माझा खोकला होता.

"बसा," आवाज म्हणाला. "घाई नाही."

मी मुलांना 'बस' म्हणतो. मला तो 'बसा' म्हणाला. आवाज माझाच होता, पण त्याला कसलाच संकोच नव्हता. माझ्या मानेवर काटा आला, आणि त्याहून वाईट म्हणजे मला त्याचा हेवा वाटला.

"तिचं उत्तर काय होतं?" त्याने विचारलं.

  उत्तर येत नसेल तर तसं सांगायचं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी विचारलंच नाही."

वेत पुन्हा करकरला. फरशीवरचा उजेड एकसंध झाला. कपाटामागे जाऊन बघायला हवं होतं, पण मी दाराकडे गेलो.

मुलगी पायरीवर बसली होती. "त्या प्रश्नाचं तू काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"समितीने ऐकलंच कुठे? मला थांबवलं."

"मला सांग."

तिने नखाने पायरीचा पोपडा काढला. "धाकट्या भावाच्या तोंडाकडे. बाकीच्यांना वाईट वाटेल. त्याला आनंद होईल, ताई घरीच राहिली म्हणून. तो लपवायला बघेल, आणि त्याला अजून लपवता येत नाही."

"आणि मिळाली तर?"

"तरी त्याच्याच."

मावशींची केरसुणी थांबली होती.

मी त्याच टेबलावर कागद घेतला, कपाटाकडे पाठ करून. पहिले दोन फाडले. 'सराव करताना शंभर प्रश्न होतात, त्यात एखादा जुळतो,' असं लिहिलं की सगळं सुरळीत झालं असतं. तिसऱ्यावर लिहिलं:

'त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. प्रश्न मी विचारला नाही. तरी तो इथे माझ्या आवाजात विचारला गेला. तो आवाज आज मीही ऐकला. याचा उलगडा मला करता येत नाही, आणि आपण मला वेडा ठरवलंत तर माझी तक्रार नाही. मात्र मुलगी खरं बोलली आहे. प्रश्न फुटला, असं आपल्याला वाटत असेल. उत्तर कुठून फुटणार? तिला एकदा बोलवा, तोच प्रश्न विचारा, आणि या वेळी शेवटपर्यंत ऐका.'

सही केली, पाकीट चिकटवलं. पेटी रस्त्यापलीकडेच आहे. विचार बदलायच्या आत निघालो, तर मावशी मागे ओरडल्या, "साहेब, तिकीट लावलंत का?"

लावलं नव्हतं. परत आलो, लावलं, पुन्हा गेलो आणि पाकीट पेटीत सोडलं.