दिगंबररावांचा होकार

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलं नसेल, आणि पाहायची वेळही येऊ नये. मी डायलिसिसचं एक जुनं यंत्र आहे. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगतच्या एका लहान रुग्णालयात, पहिल्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीशी मी चौदा वर्षं उभा होतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. २००४ साली मी जहाजाने इकडे आलो. बाहेरचा माल देशात येणं तेव्हा सोपं झालं होतं. ट्रकच्या फटीतून मला खराडीच्या शेतांत उगवणाऱ्या काचेच्या इमारती दिसल्या. आपणही अशाच एखाद्या चकचकीत ठिकाणी जाणार असं वाटलं, पण ट्रक तिथे थांबला नाही.

माणसाच्या पाठीच्या बाजूला, कमरेच्या थोडं वर, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात. ती रक्तातली घाण गाळतात. ती निकामी झाली की माणसाचं रक्त नळीतून माझ्याकडे येतं. मी ते गाळून परत पाठवतो. आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास. माझ्यामुळे कुणी बरं होत नाही. नवं मूत्रपिंड मिळेपर्यंत वाट पाहायला मी मदत करतो, एवढंच.

त्या चार तासांत माणसांना गुंगी येई. खिडकीतलं ऊन हळूहळू चादरीवर चढे आणि खोलीत माझी घरघर तेवढी उरे. रक्ताबरोबर त्यांची स्वप्नंही माझ्यातून वाहतात, असं मला वाटायचं.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी नीरजाताई येत. पेठेत वाढलेल्या, लग्नानंतर विश्रांतवाडीत आलेल्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. डोळा लागला की त्या नद्यांची नावं पुटपुटत. येरळा, माण, सीना, मांजरा. त्या नद्या माझ्या नळ्यांतून चालल्या आहेत असा भास मला होई. पोस्टातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान दिगंबरराव शेजारी बसून पेपर वाचत. डॉक्टरांना उशीर झाला की म्हणत, "या. आपण आलात, आता उजाडलं म्हणायला हरकत नाही."

त्याच दिवशी दुपारी त्याच खुर्चीवर उत्तरेश्वर येई. उस्मानाबादकडचा, खराडीतल्या कंपनीची बस चालवणारा. आजारपणात ते काम सुटलं होतं. झोपेत तो थांब्यांची नावं घेई. "मगरपट्टा… मुंढवा… चला, उतरा." त्याची बायको नम्रता मांजरीत उसाच्या रोपवाटिकेत कामाला होती. नखांत माती घेऊन ती थेट इकडे येई.

दोघांचीही नावं प्रतीक्षायादीत होती. पण यादी फार सावकाश सरकत होती, कारण मागणारे पुष्कळ आणि देणारे थोडे. अपघातात एखाद्याचा मेंदू मृत होतो, तरी यंत्रांच्या आधारे त्याचं हृदय थोडा वेळ चालू राहतं. तेवढ्या वेळात घरच्यांनी होकार दिला तर त्याचे अवयव कित्येकांना जगवू शकतात. मात्र त्या घराला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो तो ऐन रडण्याच्या वेळी. पुष्कळ घरं तेव्हा गप्प होतात.

दिगंबरराव स्वतःचं मूत्रपिंड द्यायला तयार होते, पण रक्तगट जुळत नव्हता. नम्रताचंही तेच. तो जुळत नाही हे कळल्यापासून ती नवऱ्याच्या उशाशी बसायची, पण त्याच्या डोळ्यांत बघायची नाही.

आमच्या तंत्रज्ञ प्रेमलाताई एकदा दुपारी माझ्यावरच्या फायली बदलत होत्या. नीरजाताईंची काढली, उत्तरेश्वरची ठेवली, आणि त्यांचा हात तसाच राहिला. मग त्या जिन्याकडे धावल्या.

"अहो दिगंबरकाका! जरा वर येता का? नीरजाताईंनाही आणा."

नीरजाताईंचा गट बी, दिगंबररावांचा ए. उत्तरेश्वरचा ए, नम्रताचा बी. दोन वर्षं ही दोन कुटुंबं एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसत होती, आणि एकमेकांना ओळखतही नव्हती. दोन जोडप्यांनी अशी अदलाबदल करायला कायद्याने वाट मोकळी केली होती.

नम्रताने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी माझी किडनी ताईंना, आन साहेबांची ह्यांना?"

"साहेब नका म्हणू," दिगंबरराव म्हणाले. "मी पोस्टात होतो. तिथे साहेब वेगळे होते."

नीरजाताई हसल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं.

तीन महिने तपासण्या चालल्या. दिगंबररावांनी साखर सोडली आणि रोज पहाटे चालायला सुरुवात केली. सतरा नोव्हेंबर ही तारीख ठरली. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच दिवशी व्हायच्या होत्या. आता नीरजाताई आपली वेळ संपली तरी थोडं थांबत. उत्तरेश्वरला त्याच्या गावाकडच्या नदीबद्दल विचारत. तो सांगे आणि त्या ऐकता ऐकता डोळे मिटत. त्या दुपारी इतक्या शांत असत की आपण यंत्र आहोत हे मी विसरे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी प्रेमलाताईंनी सकाळी मला तयार केलं. नळ्या लावल्या, पाणी कोमट केलं. आठ वाजले, साडेआठ वाजले. नीरजाताई आल्या नाहीत, फोन आला. पहाटे घरीच त्यांचं हृदय बंद पडलं होतं. दिगंबररावांनी त्यांचे डोळे दान केले होते. प्रेमलाताई फोन ठेवून माझ्यापाशी आल्या आणि एकेक नळी काढू लागल्या. एरवी ते दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी त्यांना खूप वेळ लागला.

दुपारी उत्तरेश्वरला कळलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"नम्रता," तो म्हणाला, "बाई गेल्या म्हनल्यावर माझ्या मनात पयलं काय आलं, सांगू? आपली किडनी गेली. हे आलं बघ. लाज वाटती मला."

नम्रताने त्याच्या पायांवर चादर सारखी केली.

दोन आठवड्यांनी, दुपारच्याच वेळी, दिगंबरराव दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात पेपर नाही. उत्तरेश्वर उठू लागला.

"झोपा, झोपा. नळ्या सुटतील."

"लई वाईट झालं, काका."

"झालं खरं." ते स्टुलावर बसले. मग प्रेमलाताईंना म्हणाले, "सतरा तारीख आहे ना अजून?"

प्रेमलाताई गोंधळल्या. "काका, ती आता रद्दच धरायची."

"कोणी रद्द केली? मी तर कुणाला तसं सांगितलेलं नाही."

नम्रता पुढे आली. "पर काका, ताई न्हाईत आता. तुमी दिलं तर तुमच्या घरात काय येनार?"

"घरात मी आहे. दोन मूत्रपिंडं घेऊन बसलोय. एकावर भागतं असं डॉक्टरच म्हणाले होते." त्यांनी नळ्यांकडे पाहिलं. "चार वर्षं वाट बघणारं माणूस माझ्यासमोर बसलेलं होतं. ते कसं दिसतं हे मला माहीत आहे. पुन्हा नाही बघवायचं मला."

मित्रांनो, ही गोष्ट तेवढ्याने सोपी झाली नाही. सतरा तारीख हुकली. आता अदलाबदल उरली नव्हती, आणि परक्या माणसाने अवयव द्यायचा तर सरकारी समितीची परवानगी लागते. गरिबाला फसवून किंवा धाकात घेऊन कुणी अवयव काढून घेऊ नये, म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. समितीने दिगंबररावांना दोनदा बोलावलं. दुःखाच्या भरात तर नाही ना ठरवलंत, असं मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं. कुणाचा दबाव आहे का, असं समितीने विचारलं.

"दबाव?" दिगंबरराव म्हणाले म्हणे. "घरी मला चहा कमी प्या म्हणणारंही कुणी राहिलेलं नाही."

प्रेमलाताईंनी हे परत येऊन सांगितलं, तेव्हा त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

जानेवारीत परवानगी मिळाली. तोवर उत्तरेश्वरच्या पायांवर सूज चढली होती, दम लागत होता. मी माझ्या परीने जास्तीत जास्त काम करत होतो. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शस्त्रक्रियेमुळे त्याची खुर्ची रिकामी होती, आणि आम्ही सगळे जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून होतो. दुपारी प्रेमलाताई धावत आत आल्या.

"लघवी झाली! उत्तरेश्वरला लघवी झाली!"

तुम्हाला हसू येईल. पण त्या खोलीतल्या तीन रुग्णांनी मोकळ्या हाताने मांडी थोपटून टाळी दिली. नवं मूत्रपिंड कामाला लागलं, हे सांगणारी त्याहून गोड बातमी आमच्या जगात नसते. दिगंबररावांना शुद्धीवर आल्यावर सांगितलं, तर ते म्हणाले, "कामसू निघालं. पोस्टातलं वाटत नाही."

वर्षभरात उत्तरेश्वर पुन्हा बस चालवू लागला. नम्रताला मात्र चैन नव्हतं. "सगळ्यांनी दिलं, माझंच ऱ्हाऊन गेलं," ती म्हणे. डॉक्टरांनी तिला सांगितलं, "तुम्ही आधी घर सांभाळा." मग तिने स्वतःच एक काम शोधलं. दर रविवारी ती रुग्णालयात येऊन नातेवाइकांच्या बाकावर बसे. कुणाचा गट काय, कोण द्यायला तयार आहे, हे विचारून प्रेमलाताईंच्या वहीत लिहवून घेई. त्या वहीतून पुढे जोडप्याजोडप्यांच्या तीन अदलाबदली जुळल्या. आणि धडधाकट माणसांनाही ती न बिचकता विचारी, "घरी बोललासा का कधी ह्या गोष्टीवर?"

आता मी एका महाविद्यालयात आहे. डायलिसिस शिकणारी मुलं माझी पाठ उघडून आतले पंप पाहतात. रुग्णालयात चार यंत्रं होती, आता दहा आहेत असं ऐकलं. लोक त्याचं कौतुक करतात. मला ते ऐकून बरं वाटत नाही, कारण दहा यंत्रं म्हणजे दहा खुर्च्यांवर वाट पाहणारी माणसं.

जुन्या वस्तू आपली निगा राखा म्हणून तुम्हाला विनवतात. मला तसलं काही नको. तुम्ही पाणी भरपूर प्या, आणि आज जेवायला बसलात की आईबाबांना एक प्रश्न विचारा. आपल्यानंतर आपले अवयव द्यायचे का, हे तुम्ही ठरवलंय का? कुणी म्हणेल, जेवताना हे काय भलतंच. थोडा वेळ सगळे गप्पही बसतील. बसू द्या. पण बोलणं होऊ द्या. म्हणजे पुढे कधी, खूप वर्षांनी, अतिदक्षता विभागाच्या दाराशी एखादे डॉक्टर अवघडून विचारायला आले, तर तुमच्या घरातलं कुणीतरी डोळे पुसत त्यांना सांगू शकेल, "हो. आमचं घरी बोलणं झालेलं आहे."