कुणाचे आपेम

"इबू, यंदा आपल्याकडचे आपेम कुणाचे होते गं?"

विचारलं आणि वेनिंगने ऐटीत कुंपणाकडे बघितलं. तिथे तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या, तुतिक आणि एंदाह. शाळेतून येताना तुतिकच म्हणाली होती, "तुला खरंच माहीत नाही? उगाच नाटकं! वक्तृत्वात पहिली येतेस ना, मग आईला एवढं विचारून दाखव." आता मात्र ती सायकलची घंटा पुसत होती.

इबूचा, तिच्या आईचा, हात विळीवर थांबला.

रुवाह महिन्यात, उपास लागायच्या आधी, ज्याच्या घरचं माणूस गेलंय तो तांदळाचे आपेम करून गावात वाटतो. आजी-आजोबांचे आपेम मोठ्या मावशीकडे व्हायचे. वेनिंगच्या घरी कधीच नाही. यंदा इबूने पहाटे पीठ भिजवलं, ताटात केळीच्या पानांवर आपेम मांडले आणि म्हणाली, "जा, देऊन ये." वेनिंग गाणं गुणगुणत दारोदार फिरली होती. लोकांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं, माना खाली घातल्या. एंदाहच्या आजीने तर तिच्या गालावरून हात फिरवला. वेनिंगला वाटलं, बक्षिसाची बातमी गावभर झालीय! वाटेत तिने स्वतःही तीन खाल्ले होते.

"बापाक, तुम्ही सांगा."

ओट्यावर जाळं विणत बसलेले तिचे वडील म्हणाले, "त्या दिवशी ते पाहुणे आले होते ना, तुझ्या दादाच्या, लुकितोच्या बोटीवरचे..."

"हो, ते! चहासुद्धा प्यायले नाहीत. किती कंटाळवाणं बोलत होते. म्हणे तिकडचं पाणी फार थंड, वारा फार..."

बोलता बोलता ती अडखळली. पाहुणे पुन्हापुन्हा तेवढंच म्हणत होते. तिकडचं पाणी फार थंड. बापाक मान डोलवत होते, "हो, ऐकलंय." इबूने काही न विचारताच त्यांनी आणलेलं दादाचं जाकीट हातात घेतलं होतं. आणि वेनिंगने मध्येच तोंड घातलं होतं, "दादा येईल तेव्हा त्याला सांगा, माझा चषक कागदात गुंडाळून ठेवलाय. आधी त्यालाच दाखवणार!" पाहुण्यांनी हसल्यासारखं केलं होतं. किती शहाणी समजत होती ती स्वतःला!

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की गं," इबू हळूच म्हणाली. "ताट तुझ्याच हातात दिलं."

"ताट!" वेनिंग ओरडली. "मीच गावभर सांगत फिरले, इबू! नाचत!"

बापाकांचा धागा गुंतला होता. ते तो सोडवत नव्हते, नुसता धरून बसले होते. "समुद्र मोठा असतो पोरी," ते म्हणाले. "कधी कधी माणसं..."

"बापाक, नको."

कुंपणाशी आता कुणी नव्हतं. घरात कुणी रडत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. वेनिंगने आतून चषक आणला, कागद फाडला आणि दादाच्या जाकिटाशेजारी ठेवला. कुणी त्याकडे बघितलं नाही.

मग सभेत उभं राहावं तशी ती दोघांसमोर उभी राहिली. आवाज मात्र सभेतला नव्हता.

"माझं ठरलंय. पुढच्या रुवाहला पीठ मी भिजवणार. आणि ताट देताना प्रत्येक दारात त्याचं नाव घेणार. लुकितो. मोठ्याने."