पाचवा पांचिया

"वाजव," लधासेठ म्हणाले.

वेलजीने पहिलं नाणं अंगठ्याने उडवून काळ्या दगडावर पडू दिलं. ते वाजलं, आणि वाजतच राहिलं. मग त्याने कडेवरून नख फिरवलं, भिंग लावून अक्षरं पाहिली, तराजूत खात्रीच्या नाण्यासमोर टाकलं.

"खरं," तो म्हणाला. सासऱ्याने जावयाचं कौतुक करावं तसं म्हणाला.

समोरच्या गादीवर त्याचा धाकटा भाऊ मावजी बसला होता. मस्कतहून परवाच आला होता. मनगटावर सोन्याच्या रंगाचं घड्याळ, डोक्यावर अजून सगळे केस. पोरीचं लग्न ठरलं होतं आणि बाजारात त्या दिवसांत आत तांबं, वर चांदीचा मुलामा अशा ओतीव नाण्यांचा सुळसुळाट झाला होता. व्याह्यांच्या हातात नाणं ठेवायचं, तर पारखून ठेवलेलं बरं.

"मोटाभाई, मी त्यांना सांगूनच आलोय," मावजी म्हणाला. "म्हटलं, आमच्या घरात वेलजीभाचा कान आहे. तो म्हणेल ते खरं."

आमच्या भुजच्या सराफ बाजारात वेलजीच्या कानाला मोठा मान होता. बाकीचा वेलजी त्या कानामागे कुठेतरी राहत असे. चौतीस वर्षं लधासेठच्या पेढीवर त्याने लोकांची नाणी वाजवली होती. लधासेठना दिसायचं बरं, पण ऐकू यायचं फक्त स्वतःचं बोलणं. त्यामुळे वेलजीच्या तोंडून 'खोटं' निघालं की विषय संपायचा. आणि खोटं ठरलेलं नाणं त्या पेढीवरून सबंध परत जात नसे. नाण्याच्या मालकाच्या देखत छिन्नीने त्याचे दोन तुकडे करायचे, म्हणजे पुढे कोणी फसायला नको. लधासेठच्या आजोबांपासूनचा नियम होता तो.

दगडावर वाजत होते ते दोघांच्या आईचे, बाचे, पाच पांचिये. राजाच्या वेळी कच्छात कोरी चाले, तसल्या पाच कोऱ्यांचं एक चांदीचं नाणं ते. आमच्याकडे घरात काही नसलं तरी चालतं, पण धनतेरसच्या ताटात दुधाने धुवायला एक पांचिया लागतोच. वेलजीच्या ताटात दोन बारक्या कोऱ्या असत. आई गेली तेव्हा त्याच्या वाट्याला घर आलं, म्हैस आली, पितळेची सगळी भांडी आली. त्याआधी एकोणीस वर्षं स्वतः आईही त्याच्याच वाट्याला होती. पांचिये मात्र मावजीला. वेलजीने आयुष्यभर भांड्यांकडे पाहिलं नाही, फक्त पांचिये पाहिले.

त्यात मावजी स्वभावाने चांगला. दरवर्षी वहिनीला साडी पाठवी, वेलजीच्या गुडघ्यांना औषध पाठवी. अशा माणसाचा हेवा करायला फार कष्ट पडतात. वेलजीने ते घेतले.

"दुसरं खरं. तिसरं खरं. चौथं..." वेलजीने ते उगाच दोनदा वाजवलं. "खरं."

पाचवा पांचिया हातात आला आणि नख कडेवर अडकलं. तिथे एक खाच होती. वेलजी आठ वर्षांचा असताना त्याने आईच्या सुपारीच्या अडकित्त्यात हा पांचिया धरून पाहिला होता. पांचिया कापला नव्हता. आईने वेलजीचा कान मात्र असा पिळला की पुढे त्याच कानाने पोट भरलं, असं तो गमतीने सांगे.

त्याने नाणं दगडावर टाकलं. पाचांत हे सगळ्यात गोड वाजलं. लांब, बारीक, आईच्या आवाजासारखं. ती मावजीला 'मावाऽ' अशी हाक मारायची तसं. वेलजीला हाक मारताना ती एवढी ओढत नसे.

"खोटं," वेलजी म्हणाला.

मावजीचं तोंड उतरलं. ते उतरलेलं पाहून वेलजीला जे बरं वाटलं, ते गुडघ्याच्या औषधाने कधी वाटलं नव्हतं. पण ते फार वेळ टिकलं नाही. लधासेठनी छिन्नी पुढे केली.

"राहू द्या सेठ, घरचंच आहे," वेलजी घाईने म्हणाला.

"काय?"

"म्हटलं, घरचं आहे! राहू द्या!"

"घरचं आहे म्हणून सोडू? मग उद्या गावाचं कुठल्या तोंडाने कापू?"

"सेठ बरोबर बोलतात, मोटाभाई," मावजी म्हणाला. "खोटं घरात कशाला? कापा." मग खाचेकडे बघून हळूच, "हाच ना तो? याच्यापायी बाने तुम्हाला धुतलं होतं. तिलाही कळलं नसेल बिचारीला."

चौतीस वर्षांत वेलजीला नियमाचा विसर पडला नव्हता. आजच पडला, आणि आता सगळं आठवत होतं. आतून चांदी निघाली, की पेढीवर बसलेली दोन गिऱ्हाइकं पाहणार, संध्याकाळपर्यंत बाजाराला कळणार. कान गेला तर वेलजीकडे उरणार काय, गुडघे.

खरं म्हणावं, तर आत्ताच खोटं म्हटलेलं. त्याने छिन्नी त्या जुन्या खाचेतच लावली आणि हातोडा मारला. अडकित्त्याला जमलं नव्हतं ते तीन घावांत झालं.

दोन अर्धुकं दगडावर पडली. आतून पांढरी. दुधासारखी, पार मधोमध पांढरी.

वेलजीने ती पाहिली. मावजीनेही पाहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सेठ आणि गिऱ्हाइकं वाकून बघायच्या आत मावजीचा घड्याळवाला हात चटकन पुढे आला आणि अर्धुकांवर मूठ मिटली.

"तांबं," मावजी मोठ्याने म्हणाला.

"काय निघालं?" सेठनी विचारलं.

"तांबं, सेठ! लालभडक!"

"बघू बघू."

"काय बघता? परवा धनतेरस, आणि आज खोट्याचं तोंड बघणार?"

सेठनी हात मागे घेतला. मग गिऱ्हाइकांकडे वळून आपल्या परीने हळू, म्हणजे चौकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात पारख! सख्ख्या भावाचं नाणं, पण सोडलं नाही!"

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. वेलजीने खाली मान घालून दगड पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

मावजीने चार पांचिये रुमालात बांधले. जोडे घालताना वाकला आणि वेलजीच्या तळहातात काहीतरी दाबलं. अर्धुक होतं, मुठीतल्या घामाने गरम झालेलं.

"वाटणी राहिली होती," तो एवढंच म्हणाला. "धनतेरसला वहिनीच्या हातची दाबेली खायला येतो." आणि गेला.

वेलजी त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. चालसुद्धा आईसारखी होती. आईने पाच पांचिये दिले ते दिलेच, वर हा मोठेपणाही त्यालाच देऊन गेली, असं त्याच्या मनात आलं. भांड्यांमध्ये तो मोठेपणा कुठेच नव्हता.

पेढीवर कोणी नाही असं पाहून त्याने अर्धुक दगडावर टाकलं. थप्. कापलेलं नाणं वाजत नाही, हे त्यानेच कितीतरी लोकांना सांगितलं होतं. तरी त्याने आणखी एकदा टाकून पाहिलं.

धनतेरसला त्याच्या बायकोने, मोंघीने, ताट मांडलं. दोन कोऱ्यांच्या शेजारी ते अर्धुक पाहून तिने विचारलं, "हे कुठून आणलंत?"

"बाचं आहे."

"मग कापलं कशाला? बाचं खोटं कसं असेल?"

बाहेर मावजीचे जोडे वाजले. वेलजीने अर्धुक दुधात नीट धुतलं, पुसलं, आणि कापलेली बाजू भिंतीकडे करून ठेवलं.