उलट्या होडीखालची प्रार्थना

मी एक होडी बोलते आहे. माझ्या सांगण्यावर फार विसंबू नका. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. आठवणींचंही तसंच होत असावं. कोणतं वादळ कोणत्या साली झालं, कोण काय म्हणालं, याची माझ्याकडून सरमिसळ झाली असेल. तरी एक गोष्ट सांगायला हवी. ती ऐकलेलं आता फारसं कुणी उरलेलं नाही.

माझ्या फळ्या नॉर्वेच्या जंगलातल्या. सुट्या फळ्यांचा गठ्ठा होऊन मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर आले आणि फेटलर बेटाच्या किनाऱ्यावर खिळे ठोकून मला होडी केलं. सहा वल्ही, एक शीड, सहा माणसं. रॅस्मी माझा तांडेल. दाढीत कायम मिठाचे कण, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने हसावं पण त्याने स्वतः कधी हसू नये.

किनारा दिसेनासा झाला की माझी माणसं वेगळं बोलू लागत. जमिनीवरची नावं समुद्रावर घ्यायची नाहीत, असा नेम होता. चर्च म्हणायचं नाही, 'बेनीहूस' म्हणायचं. पाद्री, बायको, मांजर, सुरी, सगळ्यांना जुनी नावं. ही नावं त्यांच्या पणज्या चुलीपाशी बोलत त्या भाषेतली. जमिनीवर ती भाषा केव्हाच संपली होती. शाळेत नाही, बाजारात नाही, अंथरुणातही नाही. जगात ती उरली होती माझ्यासारख्या होड्यांत.

एकदा वल्ह्यावरचा गिब्बी बोलून गेला, "काल आमची मांजर व्यायली."

सगळी वल्ही थांबली.

"लोखंडाला हात लाव, मूर्खा!" रॅस्मी ओरडला. "आता गळाला काय, पिल्लं लागणार?"

गिब्बीने मुकाट्याने लोखंडी गळ मुठीत धरला. त्या दिवशी मासळी उत्तम मिळाली, पण रॅस्मीने ते मान्य केलं नाही. "घाबरलास म्हणून मिळाली," म्हणाला.

वादळ आलं की मात्र कुणी थट्टा करत नसे. रॅस्मी सुकाणूला बिलगून आपल्या आईची प्रार्थना म्हणायचा. चारच ओळी, सगळ्या जुन्या भाषेत. आवाज चढलेला नसायचा. कुणाच्या तरी कानाशी बोलावं तसा असायचा. माझ्या फळ्या तोवर करकरत असत, त्या जरा सैलावत. हा माझा भ्रमही असू शकेल. मी लाकूड, मला भाषेतलं काय कळणार?

पुढे डेकवाल्या मोठ्या बोटी आल्या. त्यांच्यावर ठिकठिकाणची माणसं, त्यांना हा नेम ठाऊक नव्हता. मला ओढून रॅस्मीच्या घरामागे नेलं, दगडी भिंतींवर पालथं घातलं आणि कोकरांच्या खोपटाचं छप्पर केलं. म्हातारा रॅस्मी माझ्याखाली येऊन बसे. पाईप ओढायला, असं तो सुनेला सांगे.

सून बाब्री तोंडाची फटकळ. "मामंजी, घरात काय धूर कमी आहे, की कोकरांनाही पाईप पाजताय?"

रॅस्मीची नात ओस्ला तरुण होती, नुकतं लग्न झालेलं. नवरा मॅन्सी हेरिंग मासळी पकडायच्या बोटीवर गेलेला. वारा फिरला की ओस्लाचं विणकाम चुके, उसवावं लागे. एका दुपारी पीटची, म्हणजे जळणाच्या वाळक्या मातीच्या ढेकळांची, टोपली पाठीवरून न उतरवताच ती माझ्याखाली शिरली.

"आजोबा, ती वादळातली प्रार्थना मला द्या."

"जमिनीवर नाही म्हणायची ती. जोर जातो तिचा."

"मग बायकांना होडीत घेत नाहीत, आणि तुमच्याने आता समुद्रावर जाववत नाही. ती काय माशांना शिकवून जाणार?"

बाब्री दारातून म्हणाली, "भाकरीला लोणी लागतं, कुठल्या भाषेत मागितलं ते भाकरी विचारत नाही. चल, गाई दोहायच्यात."

ओस्ला हलली नाही. "हे छप्पर कशाचं आहे? होडीचंच ना? मग आपण होडीतच आहोत. उलट्या, एवढंच."

"उलटी होडी म्हणजे बुडालेली होडी, पोरी."

ती उठली, किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी बादलीभर आणलं आणि म्हाताऱ्याच्या पायाशी ओतलं. कोकरं बाजूला पळाली. रॅस्मी ओल्या बुटांकडे बघत राहिला. मग त्याने ओळी म्हटल्या, हळूहळू, मोडत मोडत. तिने मागून म्हटल्या. पुन्हा. पुन्हा.

"अर्थ काय याचा? देवाला मी काय मागतेय, ते मला कळायला नको?"

"आईला विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "मी लहान होतो. रोज संध्याकाळी डोळे मिटून, कपाळ टेकवून ती हे म्हणायची. प्रार्थनेशिवाय असं कपाळ कोण टेकवतं? वाटलं, आई आहे, कधीही विचारता येईल." ओला बूट झटकत म्हणाला, "गिब्बीलाही ठाऊक नव्हता. आता गिब्बीही नाही."

त्या हिवाळ्यात रॅस्मी गेला. समुद्राच्या ज्या भीतीने माझ्या माणसांनी ते शब्द इतकी वर्षं सांभाळले, त्याच भीतीने ते किनाऱ्यावर उतरू दिले नाहीत. यात चूक कुणाची, हे मला ठरवता येत नाही. मॅन्सी दर मोसमाला सुखरूप परतला. मासळी पूर्वीइतकीच खपली. चर्चची घंटा वाजत राहिली. काहीच अडलं नाही. मग मला हे एवढं का सलतं?

आता माझा कणा कुजलाय, फटींतून आकाश दिसतं. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस न कळणारं काही पुटपुटत असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि अर्थ विचारा. मला एवढंच मागायचं होतं.

ओस्लाचे केस पांढरे झाल्यावर शेजारच्या फेरो बेटांवरचा एक खलाशी पावसात माझ्याखाली आडोशाला आला. त्याची भाषा त्या जुन्या भाषेची सख्खी बहीण, म्हणून तिने धीर करून त्याला त्या ओळी ऐकवल्या. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून त्याने टोपी काढली. म्हणाला, ही प्रार्थना नव्हे. दूध काढताना अवखळ गाईच्या कुशीला कपाळ टेकवून तिला असं म्हणतात. 'उभी राहा गं बाई. लाथ मारू नकोस. लेकरू उपाशी आहे, घरात दुसरं काही नाही.' ओस्लाचा विश्वास बसला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी फेरो बोट आली, तिच्यावरच्या खलाशालाही तिने विचारलं. त्यानेही हेच सांगितलं. शेवटच्या एका शब्दाचा अर्थ मात्र दोघांनाही लागला नाही. ते त्या गाईचं नाव असावं, असं दोघंही म्हणाले.